गंगथडीचा पूल झुलत का नाही?

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला पाहण्यासारखे काही नाही, असे आमच्या दादरच्या शेजाऱ्यांनी निघण्यापूर्वीच सांगून टाकले होते. शेजाऱ्यांचा परभणीशी संबंध देवगिरी एक्सप्रेसच्या खिडकीपुरता, तोही अर्धवट झोपेतला. तेव्हा त्यांच्या मताला किती किंमत द्यायची ते आम्ही ठरवलेच होते. दिवाळीच्या सुमारास गंगथडीची काळी रानं पाहावीत. कापूस फुटून शेत पांढरे झालेले, तुरीला पिवळा फुलोरा आलेला, आणि मधूनच एखाद्या पट्ट्यात कोवळी ज्वारी नुकतीच डोके वर काढते आहे. पोखर्णीला नृसिंहाचे दर्शन घेतले, देवळाबाहेर चहा झाला, आणि थोड्याच वेळात "गंगा आली, गंगा आली" अशी गाडीत एकच गडबड उडाली. इकडे गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही. ती गंगा. तिच्या काठचा मुलूख तो गंगथडी, आणि तिच्या काठचे संत जनाबाईंचे गाव ते गंगाखेड.

पुलावर गाडी जरा हळू झाली. आमच्या सौभाग्यवतींनी पर्समधून एक रुपया काढून पात्रात सोडला. बरोबर आमचा भाचा होता, वय वर्षे अकरा. दोन वर्षांपूर्वी तो हृषीकेशला रामझुल्यावरून चालून आलेला, आणि तेव्हापासून पुलांच्या बाबतीत तो स्वतःला जाणकार समजतो. खांबांमागून खांब जाताना पाहून त्याने नाक मुरडले.

"मामा, हा पूल झुलत का नाही?"

प्रश्न पोराचा असला तरी पोरकट नव्हता. आणि गंमत अशी, की गंगाखेडला मावशींच्या घरी पोचलो तो हाच प्रश्न तिथे आमची वाट पाहत बसलेला!

मावशींच्या यजमानांना आम्ही काका म्हणतो. त्यांची शेती गावापासून दूर, एका ओढ्याच्या पलीकडे आहे. ओढा म्हणायचा एवढेच. काळ्या मातीत खोल कापत गेलेला, दोन्ही दरडी उभ्या, आणि पावसाळ्यात तासाभरात भरून येणारा. पलीकडच्या वस्तीवरची लेकरे अलीकडच्या गावात शाळेला येतात. ओढ्याला पाणी आले की शाळेला आपोआप सुटी. पूर्वी भोपळ्यांची सांगड असे. आता कोणी गूळ करायच्या मोठ्या कढईत लेकरांना बसवतो आणि ती ढकलत पलीकडे पोहत नेतो. आयांनी त्या वेळी काठावर उभे राहून काय करायचे, हे विचारू नये. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात महापूर आला, गोदाकाठची कित्येक गावे पाण्याने वेढली, तेव्हा ही वस्तीही तुटून पडली होती. तेव्हापासून वस्तीवरच्या मंडळींच्या मनाने घेतले, की आपल्याला एक झुलता पूल मागायचा. कोणीतरी मोबाइलवर फोटो पाहिला होता. अर्ज लिहायला मुंबईचा शिकलेला माणूस दिवाळीत येणारच होता. तो माणूस म्हणजे मी.

"अर्ज लिहू," मी म्हटले, "पण आपण काय मागतो आहोत ते आधी नीट पाहू."

"पाहा की," काका म्हणाले. "फराळ आहे, चार दिवस मोकळे आहेत. कुठं जायचंय?"

मावशींच्या ओसरीवर सागवानी बंगई आहे. मुंबईकर जिला झोपाळा म्हणतात ती. पुष्कळांना झुलता पूल म्हणजे एक लांबलचक बंगईच वाटते, आणि ते निम्मे खरे आहे. बंगईची फळी साखळ्यांना लोंबते, साखळ्या तुळईला, आणि तुळई भिंतींवर टेकलेली. पण नदीवर एवढी लांब तुळई आणायची कुठून? ती मिळाली असती तर बंगई कशाला, तुळईवरूनच चालत गेलो असतो. झुलत्या पुलात तुळईची जागा दोराने घेतलेली असते. दोर हा स्वभावानेच वाकणारा. त्याच्यावर उभे राहता येत नाही, त्याला फक्त लोंबता येते. या लोंबण्यावरच सारा पूल चालतो.

हे भाच्याला पटेना. तेव्हा काकांनी अडगळीतून मोटेचा जुना नाडा काढला. मोटा जाऊन पिढ्या उलटल्या, पण काकांच्या घरी नाडा अजून जपून आहे. एक टोक ओसरीच्या खांबाला बांधले, मधोमध पाण्याने भरलेली घागर अडकवली आणि दुसरे टोक भाच्याच्या हाती दिले. दोर चांगला सैल, घागर जमिनीपासून वीतभर वर. भाचा हसत उभा. "आता ताण," काका म्हणाले. त्याने दोर ताणला तशी घागर वर सरकली, आणि हसणे बंद झाले. अजून ताणला तसे त्याचे पाय फरशीवरून घसरू लागले. मग सालगडी मदतीला आला, मग मी. तिघांनी मिळून ओढले, पण दोर काही सरळ रेषेत येईना. तो येणारही नव्हता. घागर तेवढीच, पाणी तेवढेच. दोर जितका ताठ, तितका ओढा जास्त.

इंजिनियर मंडळी हाच हिशेब कागदावर करतात. पुलाचा आणि वरच्या माणसांचा सगळा भार सारखा पसरलेला आहे आणि तो १०० मण आहे, असे धरा. मध्यावर दोराचा झोल दोन खांबांमधल्या अंतराच्या दहाव्या हिश्शाइतका ठेवला, तर दोरांचा आडवा ओढा होतो १२५ मण. झोल निम्मा केला की ओढा दुप्पट, म्हणजे २५० मण. (झोल हा शब्द इथे मुंबईच्या अर्थाने घेऊ नये. पुलाला झोल आवश्यक असतो.) सॅनफ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध गोल्डन गेट पुलाच्या दोन मनोऱ्यांमध्ये १२८० मीटर अंतर आहे, आणि दोराचा झोल १४३ मीटर, म्हणजे नवव्या हिश्शाच्या आसपास. १९३७ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाचे दोन्ही दोर सुमारे ९२ सेंटीमीटर जाड आहेत. एकेकात २७,५७२ तारा! नाड्यासारखा तिथे पीळ नाही. एकीशेजारी एक समांतर तारा घालून मग आवळलेल्या.

बाकीची रचना मग सोपी. दोन काठांवर दोन उंच मनोरे. त्यांच्या माथ्यावरून गेलेले दोन मुख्य दोर. त्या दोरांवरून थोड्या थोड्या अंतराने खाली सोडलेल्या उभ्या तारा, आणि त्या तारांना टांगलेली चालायची वाट. माणसाचा भार वाटेवर, वाटेचा उभ्या तारांवर, तारांचा मुख्य दोरावर. दोर मनोऱ्याला खाली दाबतो आणि पलीकडे उतरून जमिनीत शिरतो. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि फोटोत ती कधीच दिसत नाही. दोराचे टोक काठाच्या खडकात किंवा काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यात रुतवलेले असते. ते सुटले तर मनोरे आत ओढले जातील आणि सगळा पूल पाण्यात. नदीत पाय ठेवायचा नाही म्हणून या पुलाने सगळा बोजा दोन काठांच्या गळ्यात घातलेला असतो.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे दोर दिसला की पूल झुलता असे ठरून जाते. वांद्रे-वरळीचा सागरी सेतू (२००९), पणजीचा अटल सेतू (२०१९), हे झुलते पूल नव्हेत. तिथे मनोऱ्यातून निघालेल्या सरळ तारा थेट रस्त्यालाच पकडतात, तंबूचे तणावे असतात तशा. झोलदार मुख्य दोर तिथे नाही, आणि काठात रुतवलेली टोकेही नाहीत. नागपूरकरांनी तर रेल्वे स्टेशनाजवळच्या अशाच तणाव्याच्या पुलाला रामझुला असे नाव दिले आहे. नाव गोड आहे. झुला मात्र नाही.

तर मग गंगा. तिच्यावर झुलता पूल का नाही याचे उत्तर शोधायला दुसऱ्या दिवशी आम्ही पाथरी तालुक्यातल्या मुद्गलला गेलो. वाट वाकडी खरी, पण जावेच असे ठिकाण आहे. मुद्गलेश्वराचे देऊळ काठावर नाही. नदीच्या पात्रात आहे. पाणी चढले की देव पाण्यात, उतरले की बाहेर. पुढे-मागे कितीतरी पूर या दगडांवरून गेले असतील. आम्ही काठावर उभे राहून पाहत होतो, आणि मला वाटले, भाच्याच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. जिथे देऊळ पात्रात पाय रोवून उभे राहू शकते, तिथे पुलाचा खांब का राहणार नाही?

मराठवाड्याचे सगळे पठार अग्निजन्य काळ्या पाषाणाचे. त्यावर कुठे कमी, कुठे जास्त काळी माती. गोदावरी या पठारावरून रुंद आणि उथळ वाहते. पूर आला की पसरते आणि उन्हाळ्यात आटते. पैठणला जायकवाडीचे धरण झाले, पुढे ढालेगाव, मुद्गल, दिग्रस असे बंधारे झाले, त्यामुळे आता जागोजाग पाणी अडलेले दिसते. तरीही ही नदी मुळातच अशी, की बांधणाऱ्याला उन्हाळ्याचे चार महिने सवड देते. त्या सवडीत खडकापर्यंत खणावे, खांब उभारावेत, एका खांबावरून दुसऱ्यावर आखूड आखूड तुळया टाकत पलीकडे जावे. गंगाखेडचा रस्त्याचा पूल असाच, आणि परभणी-परळी आगगाडीचा पूलही असाच खांबांवर उभा. एवढी सोय असताना आधांतरी लोंबण्याचा खटाटोप करतो कोण? शिवाय काठ सखल, आणि वर काळी माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीच्या भरवशावर दोराचे टोक रुतवायला कोणीही शहाणा माणूस तयार होणार नाही. खाली खडक गाठावाच लागेल.

झुलता पूल शोभतो तो जिथे नदी सवड देत नाही तिथे. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फाचे पाणी येते आणि पावसाळ्यात आभाळाचे. पात्र अरुंद, ओढ भयंकर, दोन्ही काठ खडकाचे. म्हणून तिथे झुले. हृषीकेशला आपल्या कितीतरी आज्या-पणज्या जाऊन आल्या. त्यांच्या आठवणीतला लक्ष्मणझुला १९३० साली खुला झाला. त्याच्या आधीचा, १८८९ चा, लोखंडी दोरांचा होता आणि तो १९२४ च्या पुरात वाहून गेला. त्याहीपूर्वी साधे वळलेले दोर होते. १९३० चा झुलाही थकला, आणि २०१९ मध्ये तो वापरायला धोक्याचा ठरवण्यात आला. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्याला दोन कड्यांच्या मध्ये ४०७ मीटरचा झुलता पूल बांधायचे काम हाती घेण्यात आले. तिथे दरी आहे, कडे आहेत, म्हणजे जागा तरी बरोबर निवडली.

आणखी एक झुलता पूल मला सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तो मराठ्यांच्या सागरजवळ होता. आज मध्य प्रदेशात असलेल्या या शहराला गोविंदपंत बुंदेल्यांचा वारसा आहे. तिथल्या टांकसाळीचा प्रमुख प्रेसग्रेव्ह या इंग्रजाने १८२८ ते १८३० या काळात जवळच्या बेवस नदीवर २०० फुटी लोखंडी झुलता पूल उभारला. विशेष असा, की त्याचे लोखंड विलायतेतून आले नव्हते. त्याच मुलखातल्या भट्ट्यांत देशी कारागिरांनी गाळलेले ते लोखंड होते. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे काही नव्हते असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

रात्री ओसरीवर पुन्हा बैठक जमली. वस्तीवरचे चार-पाच जण आले होते. चकल्यांचे ताट फिरले. मी मुद्गलेश्वर, हिमालय वगैरे सांगत होतो आणि मंडळी माना डोलावत होती. तेवढ्यात मावशी आतून बाहेर आल्या.

"अरे, ते सगळं खरं. पण तो गुजरातेतला पडला, तो हाच ना पूल?"

बैठक गप्प झाली. तो हाच पूल.

मोरबी संस्थानात मच्छू नदीवर १८७९ साली बांधलेला. उद्घाटनाला मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल गेले होते. लांबी सुमारे २३० मीटर, चालायची वाट जेमतेम सव्वा मीटर. दुरुस्तीसाठी बंद होता, तो २०२२ मध्ये दिवाळीत, २६ ऑक्टोबरला, पुन्हा खुला केला. ३० ऑक्टोबरला रविवार होता. सुटीची माणसे, बायका, मुले संध्याकाळी पुलावर हौसेने गेली होती. दोर तुटला. १३५ माणसे गेली. पुढे सरकारी तपास पथकाच्या अहवालात निघाले, की एका मुख्य दोरातल्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजून निकामी झालेल्या होत्या. वरची वाट मात्र नवी होती. लाकडाच्या फळ्या काढून तिथे ॲल्युमिनियमचे, जड पत्रे बसवले होते. रंगरंगोटीही झाली होती.

"म्हणजे बंगई पुसली आणि कड्या पाहिल्याच नाहीत," मावशी म्हणाल्या. अहवालाची पाने वाचूनही मला हे इतक्या थोडक्यात सांगता आले नसते.

खांबाच्या पुलाचे दुखणे हळूहळू वर येते. तडा दिसतो, कठडा कलतो. तोही एखादे दिवशी दगा देतोच. महाडचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, हे आपण विसरलेलो नाही. पण दोराचे दुखणे आत असते, विणीच्या पोटात, आणि सगळा पूल त्या दोन दोरांवर. शिवाय हलका झुलता पूल हलण्याला फार हळवा असतो. १८३१ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा झुलता पूल ७४ सैनिक पाऊल मिळवून चालत गेले म्हणून कोसळला. तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून चालायचा हुकूम फौजेत दिला जाऊ लागला. अमेरिकेत टॅकोमाचा पूल १९४० च्या जुलैत खुला झाला आणि नोव्हेंबरात नुसत्या वाऱ्याने पिळवटून पडला. आमच्या भाच्याला पूल झुललेलाच आवडतो. आता इंजिनियरांची निम्मी अक्कल तो झुलू नये यातच खर्च होते, हे ऐकून तो थोडा हिरमुसला.

"मग मागायचा का नाही?" वस्तीवरच्या एकाने विचारले. "कामून सांगता हे सगळं? फरशीचा पूल बांधला तर तो पहिल्या पुरात पाण्याखाली. लेकरं तर तिथंच अडकणार."

त्याचे म्हणणे बरोबर होते. त्या ओढ्यासाठी झुलती पायवाट ही वेडी कल्पना नाही. अंतर थोडे, दरडी उभ्या, मध्ये खांब घातला तर पुरातली झाडे-झुडपे नेमकी तिथे अडणार. कर्नाटकात सुळ्याच्या गिरीश भारद्वाज या इंजिनियरने १९८९ साली आपल्या भागातल्या आरंबूरला असा पहिला पूल बांधला, आणि पुढे दुर्गम खेड्यांसाठी शंभराहून अधिक बांधले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पूल अरुंद, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. त्यावरून बैलगाडी जाणार नाही, ट्रॅक्टर जाणार नाही, हे वस्तीला पत्करावे लागेल. लेकरे जातील, आजारी माणसाला खाटेवर घालून नेता येईल. माझ्या मते तेवढ्यासाठी तो मागावा.

मग मी त्यांना दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची हकीकत सांगितली. तिथे आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताचा झुलता पूल आहे. लोखंडाचा खिळा नाही. डोंगरी गवताचे दोर वळून सगळा पूल विणलेला, लांबी तीसेक मीटर. दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या गावांतले लोक जमतात, जुना पूल तोडून नदीत सोडतात आणि नवा विणतात. बायका दोऱ्या वळतात, पुरुष दोर ओढतात. इंकांच्या काळापासूनची ही रीत. २०२० साली महामारीमुळे विणकाम चुकले. २०२१ च्या मार्चमध्ये पूल तुटून पडला, आणि जूनमध्ये गावांनी पुन्हा विणला.

"आमचा नाडा तरी दुसरं काय," काका म्हणाले. "मोट जुंपायच्या आधी वीत-वीत करून हातानं चाचपायचो. एक पदर तुटलेला दिसला की नवा."

अर्ज लिहायला घेतला. पहिले कलम, पूल फक्त पायी जाण्यासाठी असावा. दुसरे, दोरांची टोके काळ्या मातीत न ठेवता खाली खडकापर्यंत न्यावीत. तिसरे, एका वेळी किती माणसांनी जावे ते पुलाच्या दोन्ही तोंडांशी मोठ्या अक्षरांत लिहावे. चौथ्या कलमावर अडले. दोर दरवर्षी इंजिनियरकडून तपासून घ्यायचे, हे सगळ्यांना मान्य. पण त्याला बोलावणार कोण, आणि कधी?

"दसऱ्याला," काका म्हणाले. "अवजारं पूजतोच की आपण. त्याच दिवशी दोर पाहायचे."

"दसऱ्याला पाहून काय उपयोग?" मावशी म्हणाल्या. "तोवर पावसाळा संपतो. मृगाच्या आधी पाहा. अक्षय्यतृतीयेला."

मी 'दरवर्षी अक्षय्यतृतीयेस' असे लिहिले. मग त्याखाली कोणाकोणाच्या सह्या घ्यायच्या, आणि पलीकडच्या वस्तीवरच्या बायकांच्या घ्यायच्या की नाहीत, यावर पुन्हा वाद सुरू झाला. मावशींनी कागद माझ्या हातून घेतला आणि पहिली सही स्वतः केली.